लडाखच्या चौकीवरून दिसलेला दिवा आणि आमच्या तुरीवरचा दिवा

प्रश्न : माजी सैनिकाची मुलगी, तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ (डिसेंबर 2024)

नमस्कार. माझे वडील सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गेली नऊ वर्षे गावीच शेती करतात. 2012 च्या हिवाळ्यात त्यांची नेमणूक लडाखमध्ये, पँगाँग सरोवराच्या परिसरातील एका चौकीवर होती. पलीकडच्या डोंगररांगेमागून एक पिवळसर दिवा वर येतो, हळूहळू चढत जातो, पांढरा होतो आणि तासन्‌तास आकाशात राहतो, असे त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी पहाऱ्यावर असताना कित्येक रात्री पाहिले आणि नियमाप्रमाणे वर कळवलेही. त्याचा आवाज येत नव्हता, आणि त्याचे अंतर कोणालाच सांगता येत नव्हते. त्या सीमेवर असा दिवा दिसणे ही साधी गोष्ट नव्हती, हे आपण समजू शकाल.

घरी ते याविषयी फारसे बोलत नसत. यंदा दिवाळीत पारावर विषय निघाला म्हणून त्यांनी ही हकीकत सांगितली, तेव्हा एका तरुणाने मोबाइलवर जुनी बातमी शोधून सर्वांसमोर मोठ्याने वाचली. सैनिक गुरू आणि शुक्र या ग्रहांनाच शत्रूची टेहळणी विमाने समजले होते, असे त्या बातमीत होते. लोक हसले. बाबा काही न बोलता घरी आले, जेवायला बसले आणि अर्ध्या भाकरीवरून उठले. एकवीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला गावाने खोटे ठरवले, असे मला त्या रात्री वाटले, आणि ते अजून माझ्या मनातून गेलेले नाही.

आता मूळ गोष्ट सांगते. सध्या तूर शेंगांवर आली आहे आणि रात्री रोही (नीलगायी) व रानडुकरे शिवारात शिरतात, म्हणून बाबा मचाणावर जागलीला जातात. मागच्या आठवड्यात मी डबा घेऊन गेले, तेव्हा त्यांनी मला हातातली बॅटरी विझवायला सांगितली. नाल्याकाठच्या मोहाच्या झाडामागून, बरोबर पूर्वेच्या थोडे उत्तरेला, एक मोठा स्थिर दिवा वर येत होता. बाबा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "हे तेच आहे. बारा वर्षांनी पुन्हा तेच."

येथून ती चौकी सुमारे दीड हजार किलोमीटर दूर आहे. इतक्या वर्षांनी आणि इतक्या अंतरावरून एखादा माणूस तोच प्रकाश ओळखू शकतो का? आणि तो प्रकाश ग्रहाचाच असेल, तर रात्रीच्या आकाशाविषयी सैनिकाने दिलेल्या साक्षीला काहीच मोल नाही, असा त्याचा अर्थ होतो का? पश्चिमेलाही संध्याकाळी एक अतिशय तेजस्वी दिवा दिसतो, त्याविषयीही कोणी सांगितल्यास उपकार होतील. मला बाबांची समजूत काढायची नाही. त्यांना खरे काय ते सांगायचे आहे.

उत्तर : विज्ञान शिक्षक आणि आकाशनिरीक्षक, वर्धा

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देतो, कारण ते वाचून आपल्या वडिलांना बरे वाटेल. त्यांनी ओळखले ते बरोबर आहे. तो तोच प्रकाश आहे.

गुरू ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला जवळपास बारा वर्षे लागतात, नेमके सांगायचे तर 11.86 वर्षे. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो तो याच कारणाने, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असते. मात्र तोच हिशोब आपल्या शेतावरच्या आकाशालाही लागू पडतो, हे सहसा लक्षात येत नाही. 2012 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला गुरू सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे प्रतियुतीत आला होता, आणि तेव्हा तो वृषभ राशीत, रोहिणीच्या तांबूस ताऱ्याच्या परिसरात होता. यंदा 7 डिसेंबरला तो पुन्हा प्रतियुतीत आला आणि पुन्हा वृषभेतच, त्याच परिसरात आहे. प्रतियुतीच्या सुमारास ग्रह सूर्यास्ताच्या वेळी उगवतो, रात्रभर दिसतो आणि वर्षातल्या सर्वांत तेजस्वी रूपात असतो. शिवाय पँगाँगचा तो भाग आणि आपला यवतमाळ जिल्हा हे दोन्ही 78 ते 79 अंश पूर्व रेखांशांच्या जवळपास आहेत, त्यामुळे घड्याळातल्या वेळाही फारशा वेगळ्या नाहीत. आपल्या वडिलांनी तेव्हा ज्या महिन्यात, ज्या प्रहरी आणि ज्या दिशेला तो दिवा पाहिला, त्याच महिन्यात, त्याच प्रहरी, त्याच दिशेला तो आज तुमच्या मोहामागून वर येत आहे. बारा वर्षांपूर्वीच्या प्रकाशाची दिशा, रंग आणि चाल इतकी पक्की स्मरणात ठेवणारा साक्षीदार विरळा असतो.

आता लडाखच्या प्रकरणाविषयी. ऑगस्ट 2012 ते फेब्रुवारी 2013 या काळात सैन्याने अशा प्रकाशांच्या 329 नोंदी केल्या होत्या, आणि त्यांतल्या 155 प्रसंगी ती वस्तू प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडून आली असे नोंदवले गेले होते. पँगाँगजवळच्या थाकुंग येथील निरीक्षकांच्या सांगण्याप्रमाणे एक वस्तू संध्याकाळी सहाच्या सुमारास क्षितिजावर दिसे आणि पहाटे पाचपर्यंत राही, तर दुसरी पहाटे चारला दिसू लागे आणि दिवस चांगला वर आल्यावर, अकराच्या सुमारास, दिसेनाशी होई. बेंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आसपासच्या ताऱ्यांच्या तुलनेत या वस्तूंची जागा कशी बदलते ते तपासले, तेव्हा पहिली वस्तू गुरू आणि दुसरी शुक्र असल्याचे निष्पन्न झाले. त्या महिन्यांत शुक्र पहाटेचा होता, हे पंचांगावरूनही पडताळता येते. शुक्र ठाऊक जागी शोधला तर निरभ्र आकाशात दिवसाही दिसतो, आणि 4,200 मीटरपेक्षा उंच असलेल्या त्या कोरड्या, विरळ हवेत तर अकरा वाजेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवणे शक्य आहे. पण त्यासाठी डोळा आणि चिकाटी दोन्ही लागतात.

या बातमीवर हसणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट येत नाही. शास्त्रज्ञांना उत्तर सापडले ते सैनिकांनी वेळ आणि दिशा इमानेइतबारे टिपल्या होत्या म्हणूनच. "काल रात्री काहीतरी चमकले" एवढेच कोणी सांगितले असते, तर ते प्रकरण आजही गूढ राहिले असते. चूक झाली ती अंतराच्या बाबतीत. बिंदूएवढ्या प्रकाशाचे अंतर माणसाच्या डोळ्याला रात्री ठरवताच येत नाही. तो दिवा दोन किलोमीटरवर असो की साठ कोटी किलोमीटरवर, डोळ्याच्या पडद्यावर दोन्ही सारखेच पडतात. समोरच्या कड्यावर उगवलेली वस्तू मध्यरात्री आपल्या डोक्यावर आली, म्हणजे ती रेषा ओलांडून आली, असा अर्थ मनाने लावणे अगदी स्वाभाविक आहे. माझ्या मते त्या 155 नोंदींतल्या बऱ्याचशांचे मूळ येथेच असावे.

पश्चिमेकडचा दिवा शुक्र आहे. सध्या तो सूर्यास्तानंतर सुमारे तीन तास दिसतो. तो सूर्यापासून 48 अंशांपेक्षा दूर कधीच जात नाही, म्हणून मध्यरात्री तो दिसणार नाही, याची खात्री बाळगा.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याची मात्र गरज नाही. आपल्या वडिलांनी मचाणावर एका ठरलेल्या जागी बसावे, मोहाच्या शेंड्याची एखादी फांदी खूण म्हणून धरावी आणि तो दिवा तिच्या वर निघाल्याची वेळ रोज वहीत लिहावी. आकाशातली वस्तू असेल, तर ती दररोज चार-साडेचार मिनिटे लवकर त्या खुणेवर येईल. माणसाने उडवलेले विमान किंवा ड्रोन असे वेळापत्रक पाळत नाही.

उत्तर : निवृत्त सुभेदार, जिल्हा बुलढाणा

हवालदार साहेबांना माझा राम राम सांगा. मी स्वतः उंचावरच्या चौक्यांवर दोन हिवाळे काढले आहेत, त्यामुळे शिक्षक महोदयांच्या उत्तरात काही भर घालतो.

सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी अंधार पडताना चौकीवर स्टँड टू होतो, म्हणजे प्रत्येक जवान हत्यारासह आपल्या मोर्चात उभा राहतो, कारण हल्ला होण्याची शक्यता त्याच दोन वेळांना अधिक मानली जाते. नेमक्या त्याच दोन वेळांना ग्रह सर्वांत ठळक दिसतात. झोपलेल्या गावात ज्या चांदणीकडे कोणी पाहणार नाही, तिच्याकडे त्या क्षणी वीस जोड्या डोळे रोखलेले असतात. तेवढ्यावरून त्या डोळ्यांना दोष देता येणार नाही.

दुसरे असे की अंधारात एकट्या बिंदूकडे टक लावून पाहिले की थोड्या वेळाने तो डावीकडे-उजवीकडे सरकतो आहे असा भास होतो. मी हे स्वतः अनुभवले आहे आणि नव्या जवानांना दाखवूनही दिले आहे. आजूबाजूला तुलनेसाठी काही नसले, की डोळ्याच्या बारीक हालचाली मनाला दिव्याच्या हालचाली वाटतात. त्यावर आमच्या उस्तादांनी शिकवलेला उपाय सोपा होता : खुंटी किंवा बांबू जमिनीत ठोकावा, हनुवटी एका जागी टेकवावी आणि बांबूच्या टोकाशी दिवा धरून पाच मिनिटे पाहावे. भास असेल तर तो तेथेच थांबतो. रात्री पाहण्याच्या दुर्बिणीने तर अडचण वाढते, कारण साध्या डोळ्यांना न दिसणारे असंख्य तारे तिच्यात उजळतात आणि एका नळीच्या दुर्बिणीतून खोलीचा अंदाज मुळीच येत नाही.

आणि जो तरुण हसला, त्याला माझ्याकडून एवढेच सांगा. संतरीचे काम दिसेल ते कळवणे हे आहे. ते काय आहे हे ठरवण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकलेली नसते, आणि ती टाकूही नये. शंभर वेळा चांदणी कळवली तर कोणाचे काही बिघडत नाही. एकदा खरे विमान चांदणी समजून सोडून दिले, तर काय होते हे ज्याने पहारा दिला आहे त्यालाच कळते. त्या वर्षी माझ्या चौकीवर ही वस्तू दिसली असती, तर मीही तीच नोंद केली असती, आणि आज पुन्हा उभा केले तरी तीच करीन.

उत्तर : विधी शाखेचा विद्यार्थी, अमरावती

वरील दोन्ही उत्तरे मला पटली, तरी सगळे प्रकाश ग्रहांचेच असतात असा समज यातून होऊ नये, म्हणून लिहितो. अमेरिकेच्या वायुदलाने 1952 ते 1969 या काळात प्रोजेक्ट ब्लू बुक या नावाने अशा नोंदी तपासल्या. एकूण 12,618 नोंदींपैकी 701 नोंदींचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. उलगडा न होणे म्हणजे परग्रहावरून कोणी आले असे नव्हे, आणि साक्षीदार खोटा आहे असेही नव्हे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की ठरवण्यापुरती माहिती हाती नव्हती.

साक्ष आणि अनुमान वेगळे ठेवण्याचे सर्वांत चांगले उदाहरण इंग्लंडमधले आहे. डिसेंबर 1980 च्या अखेरीस रेंडलशॅम जंगलात, अमेरिकी हवाई तळाशेजारी, लेफ्टनंट कर्नल चार्ल्स हॉल्ट हे जवानांना घेऊन रात्री गूढ प्रकाश शोधायला गेले आणि चालता चालता त्यांनी खिशातल्या यंत्रावर सारे बोलणे ध्वनिमुद्रित केले. त्या फितीत झाडांमधून लुकलुकणाऱ्या प्रकाशाचे वर्णन आहे. पुढे अभ्यासकांनी त्या उद्गारांमधले अंतर मोजले, तेव्हा ते सुमारे पाच सेकंद भरले, आणि त्याच दिशेला असलेल्या ऑर्फर्डनेसच्या दीपगृहाचा झोतही पाच सेकंदांनीच फिरत असे. हॉल्ट यांना हा खुलासा मान्य नाही. पण त्यांच्याशी असहमत होण्यासाठी लागणारा पुरावा त्यांनीच प्रामाणिकपणे जपून ठेवला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

याउलट नोव्हेंबर 2004 मध्ये निमिट्झ या अमेरिकी विमानवाहू नौकेच्या वैमानिकांनी पाहिलेल्या वस्तूचे सर्वमान्य स्पष्टीकरण आजही नाही. ती भरदिवसा दिसली होती, त्यामुळे गुरू-शुक्राचा खुलासा तेथे चालत नाही. प्रत्येक साक्ष तिच्या तपशिलावर तोलावी लागते.

उत्तर : सिंदेवाही तालुका, जिल्हा चंद्रपूर

ताई, आपल्या विदर्भातलाच अनुभव सांगतो. 2 एप्रिल 2022 रोजी गुढीपाडवा होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आम्ही अंगणात बसलो असताना आकाशातून तांबडे-पिवळे अनेक गोळे एका रांगेत, मागे लांब शेपट्या सोडत, सावकाश गेले. उल्का डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विझते. हे मात्र आजीला आतून हात धरून बाहेर आणेपर्यंत दिसत होते. कोणी विमान पडले म्हणाले, कोणी क्षेपणास्त्र म्हणाले. मग लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडल्याची बातमी आली आणि पुढच्या दिवसांत तालुक्यातील इतर शिवारांतही धातूचे गोळे सापडले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

सुरुवातीला त्याच दिवशी न्यूझीलंडहून सुटलेल्या रॉकेटशी त्याचा संबंध जोडला गेला होता. नंतर तज्ज्ञांनी कक्षेचा हिशोब मांडला आणि ते फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या चिनी लाँग मार्च 3बी रॉकेटचे अवशेष असल्याचे सांगितले. म्हणजे पहिला खुलासा शास्त्रीय भाषेत असला तरी तोही चुकू शकतो. ते कडे मी जवळून पाहिले आहे. त्याच्या काठाला भाजल्याच्या काळ्या खुणा होत्या आणि लोक त्याला हात लावायला घाबरत होते. त्या संध्याकाळी आम्ही जे पाहिले ते खरे होते, फक्त ते काय आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते. आपल्या बाबांचेही तसेच आहे.

प्रश्नकर्तीचा पुढील मजकूर (डिसेंबर अखेर)

आपणा सर्वांची उत्तरे मी बाबांना मचाणावर बसून वाचून दाखवली. सुभेदार साहेबांचा राम राम ऐकून ते उठून नीट बसले, आणि स्टँड टूचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. गुरूच्या बारा वर्षांचा हिशोब ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी माझ्या जुन्या शाळेची उरलेली वही मागून घेतली.

मचाणाच्या उजव्या खांबाला त्यांनी खिळ्याने एक खाच पाडली आहे. त्या खाचेला गाल टेकवून बसले, की मोहाची वाळकी फांदी बरोबर समोर येते. पहिल्या रात्री तो दिवा फांदीच्या वर निघाला तेव्हा सात वाजून 12 मिनिटे झाली होती. त्यानंतर एक रात्र ढगात गेली आणि एका रात्री रोह्यांचा कळप हाकलण्यात वेळ टळून गेली. त्या दोन्ही ओळी त्यांनी कोऱ्या ठेवून शेजारी कारण लिहिले आहे. पहिल्या नोंदीनंतर पाच रात्रींनी केलेली नोंद सहा वाजून 50 मिनिटांची आहे. पाच दिवसांत 22 मिनिटे. शिक्षक महोदयांनी सांगितल्याप्रमाणेच हे झाले.

गावातल्या शाळेत एक साधी दुर्बीण आहे, ती गुरुजींनी दोन दिवसांसाठी दिली. बाबांनी ती बांबूला घट्ट बांधली आणि आधी मला पाहायला लावले. मोठ्या ठिपक्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन, असे तीन बारीक ठिपके एका ओळीत होते. ते गुरूचे चंद्र आहेत, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी डोळा लावला आणि किती तरी वेळ काढला नाही. "तिथे आमच्याजवळही दुर्बीण होती," ते म्हणाले, "पण थंडीने हात स्थिर राहत नव्हता."

पारावर ज्याने बातमी वाचली होती, तो मुलगाही काल रात्री शेतावर आला होता. बाबांनीच त्याला बोलावले होते. त्याला खाचेला गाल टेकवून बसवले, हातात पेन दिले आणि त्या रात्रीची वेळ त्याच्याकडून लिहवून घेतली. शुक्र मावळण्याची वेळ आता ते दुसऱ्या पानावर लिहीत आहेत. पश्चिमेला शेजारच्या बांधावर पळसाची दाट रांग आहे, त्यामुळे तो साडेआठच्या आतच दिसेनासा होतो. फांद्या आड येणार नाहीत अशी जागा त्यांना धुऱ्यावर सापडली आहे, आणि उद्या तेथे दुसरा बांबू रोवायचा आहे.